आकड्या चोचीचा प्रत्येक पक्षी ससाणा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिकारी पक्ष्यांची छायाचित्रे आणि बातम्या हल्ली वृत्तपत्रांत वरचेवर येतात, याचा आनंद आहे. पण छायाचित्राखालची ओळ वाचली की मन खट्टू होते. फांदीत दडलेला शिक्रा, गवताला चाटून उडणारा हॅरियर, कड्यावरचा बहिरी, इतकेच काय, शिकारी पक्ष्यांशी काडीचाही संबंध नसलेला पावशा. छातीवर पट्टे आणि डोळा पिवळा दिसला की खाली 'ससाणा' छापून मोकळे. तोच पक्षी पुढच्या आठवड्यात 'घार' होतो, त्याच्या पुढच्या आठवड्यात 'गरुड'. नाव चुकले म्हणून पक्ष्याचे काय बिघडते, असे कुणी विचारील. बिघडते ते असे, की नावाबरोबर त्याचे घरही ठरत असते. दाट जंगलाला चिकटून राहणारा बेसरा आणि वस्तीजवळच्या झाडावर खुशाल घरटे करणारा शिक्रा एकाच नावाने छापले गेले, तर वाचणाऱ्याची समजूत होते की हा पक्षी सगळीकडेच आहे, त्याला जंगल हवेच कशाला? म्हणून हे पत्र जरा लांबले तरी चालवून घ्यावे.

आधी घराणी वेगळी करू. बहिरी, लगड, तुरमती, खरुची, अमूर हे खरे ससाणे, म्हणजे फाल्कन. शिक्रा, बेसरा, स्पॅरोहॉक, गॉसहॉक, बझर्ड हे हॉक. हॉकचे घराणे घारी, गरुड आणि आशिया-आफ्रिका-युरोपातील गिधाडांचे; त्यात सुमारे अडीचशे जाती आहेत. ससाणे आणि हॉक दिसायला सख्खे भाऊ वाटतात, पण २००८ मध्ये पक्ष्यांच्या डीएनएचा मोठा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ससाणे हे पोपट आणि गाणाऱ्या पाखरांचे जवळचे नातलग निघाले. पुढच्या अभ्यासांनीही तेच दाखवले. सारखे काम करता करता सारखे रूप आले, एवढेच. जवळून पाहिले तर फरक कळतो. ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखे एक टोक असते. भक्ष्य पायांत धरून तो बहुधा या टोकाने मानेचा मणका तोडतो. हॉकची चोच फाडण्यासाठी असते, मारण्याचे काम पाय करतात. तो नख्या आवळतो, सैल करतो, पुन्हा आवळतो. ससाणा स्वतः घरटे बांधत नाही. कड्याची कपार, इमारतीची कड किंवा कावळ्याचे टाकलेले घरटे त्याला पुरते. हॉक मात्र काटक्या जमवून घरटे रचतो. 'ससाण्याने झाडावर घरटे बांधले' अशी ओळ छापायला आली, तर तिथेच थांबून छायाचित्र पुन्हा पाहावे.

या पक्ष्यांना नेमकी नावे देण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. पक्षी शिकवून शिकार करणाऱ्यांच्या बोलीत एका जातीला एक नाव पुरत नसे, नर-मादीची नावे वेगळी असत. गॉसहॉकची मादी ती बाज, नर तो जुर्रा. स्पॅरोहॉकची मादी बाशा, नर बाशीन. लगडाचा नर झगर, तुरमतीचा नर चेटवा. 'शिक्रा' हे नावही मुळात मादीचे; नराला चिपका म्हणत. कारण या पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते, आणि ज्या जाती पाखरांवर जगतात त्यांत हा फरक फारच मोठा. युरेशियन स्पॅरोहॉकचा नर साधारण १५० ग्रॅमचा, तर मादी ३०० ग्रॅमपर्यंत जाते. नर चिमणीएवढी पाखरे धरतो, मादी पारव्यावर झडप घालते. शिकाऱ्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे पक्षीच होते. आज छायाचित्रावरून जात ठरवताना नेमकी इथेच चूक होते. मोठ्या मादीला कुणी गॉसहॉक ठरवतो, लहान नराला बेसरा. आकार हा पुरावा धरूच नये, निदान एकटा तरी नाही.

रंगापासूनही सुरुवात करू नये. रंग वयाबरोबर बदलतो आणि उलट्या उजेडात साफ फसवतो. आधी अंगकाठी पाहावी, कारण पंख आणि शेपूट हे त्या पक्ष्याच्या घराच्या मापाने घडलेले असतात. जंगलातल्या हॉकचे पंख आखूड आणि टोकाला गोल, शेपूट लांब. फांद्यांच्या जाळीतून भरधाव जाताना लांब पंख अडकले असते. लांब शेपूट सुकाणूसारखी वळवून तो ऐनवेळी दिशा बदलतो. त्याची उडण्याची लयही ठरलेली, चार-पाच झपझप फडफडी, मग थोडे तरंगणे, पुन्हा फडफड. उघड्या मुलखातल्या बझर्डची गोष्ट वेगळी. त्याचे पंख लांब-रुंद, टोकाची पिसे हाताच्या बोटांसारखी फाकलेली, शेपूट आखूड आणि उघडल्यावर पंख्यासारखी. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर तो पंख न हलवता तासन्‌तास घिरट्या घालतो. हॅरियर, ज्याला आपण भोवत्या म्हणतो, तो तिसऱ्या घडणीचा आहे. अंग हलके, पंख लांब आणि अरुंद, तरंगताना दोन्ही पंख वर उचललेले. तो गवतावरून माणसाच्या कमरेएवढ्या उंचीने सावकाश जातो आणि त्याचा चेहरा घुबडासारखा बशीदार असतो. त्या बशीत आवाज गोळा होतो. गवतात न दिसणारा उंदीर त्याला ऐकू येतो.

गंमत अशी की भोवत्या आणि गॉसहॉक यांत काही साम्य नाही असेच कुणालाही वाटेल, पण डीएनए सांगतो की भोवत्ये हे गॉसहॉकच्या अगदी जवळचे भाऊबंद आहेत, इतके की एकेकाळी ५० च्या आसपास जाती असलेली ॲक्सिपिटर ही प्रजाती त्यामुळे फोडावी लागली. २०२४ पासून गॉसहॉक ॲस्टुर या प्रजातीत आहे, तुरेवाला गॉसहॉक लोफोस्पायझामध्ये, आणि शिक्र्याचे शास्त्रीय नाव टॅकिस्पायझा बॅडिया झाले आहे. युरेशियन स्पॅरोहॉक मात्र ॲक्सिपिटरमध्येच राहिला. जुन्या पुस्तकांतली नावे बातमीत आली तर ती अगदीच चूक म्हणता येणार नाहीत, पण नव्याने छापताना नवी वापरावीत.

आता शिक्र्याकडे येऊ, कारण सर्वांत जास्त छायाचित्रे त्याचीच येतात. सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका, इराणपासून भारत-श्रीलंका, पुढे आग्नेय आशिया आणि दक्षिण चीन एवढा त्याचा पसारा आहे. लांबी २६ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे पारव्यापेक्षा थोडा लहानच. विरळ झाडी, शेताचे बांध, बागा, शहरातले जुने वृक्ष त्याला चालतात. त्याचे खाणेही एका गोष्टीला बांधलेले नाही. सरडे, टोळ, उंदीर, खार, लहान पाखरे, जे मिळेल ते. म्हणूनच जंगल तुटले तरी तो टिकला. पानांनी गच्च भरलेल्या झाडाच्या दुबेळक्यात तो कावळ्यासारखे काटक्यांचे ओबडधोबड घरटे करतो. नराचा डोळा लालभडक, मादीचा पिवळा-नारिंगी. गळ्यावर मधोमध एक उभी रेघ असते, पण फिकट राखाडी, बऱ्याचदा दिसतही नाही. छातीवर बारीक, आडवे, तांबूस पट्टे. उडताना पंखांची खालची बाजू जवळजवळ पांढरी आणि टोके तेवढी काळसर. पंखाच्या टोकाला फाकलेली पिसे मोजता आली तर शिक्र्याची पाच भरतात, स्पॅरोहॉकची सहा. चांगल्या छायाचित्रात ही मोजणी सहज होते आणि वाद मिटतो.

छातीवरचे पट्टे आडवे आहेत की उभे, हे आवर्जून पाहावे. शिक्रा, बेसरा, गॉसहॉक यांच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लांची पाठ तपकिरी आणि छातीवर उभे थेंब ओघळल्यासारखे असतात. मोठे झाल्यावर पिसे झडून आडवे पट्टे येतात. या नियमाला युरेशियन स्पॅरोहॉक अपवाद आहे. त्याच्या पिल्लाच्या छातीवरही आडवेच पट्टे असतात, फक्त ते तुटक आणि जाड. 'उभे थेंब असलेला स्पॅरोहॉक' असे कुणी लिहिले, तर तो बहुधा शिक्र्याचे पोर असतो. डोळ्याच्या रंगावरूनही जात ठरवू नये. गॉसहॉकचा डोळा लहानपणी पिवळा असतो आणि वयाबरोबर नारिंगी, पुढे लालसर होतो. तो रंग वय सांगतो.

आणि हा पावशा. 'पेर्ते व्हा' म्हणून ओरडणारा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी शिक्र्याचे हुबेहूब सोंग घेतो. पाठ राखाडी, छातीवर तांबूस छटा, पोटावर पट्टे, शेपटीवर पट्टे, डोळ्याभोवती पिवळे कडे, उडण्याची लयही तीच, फडफड-तरंग-फडफड. सातभाईंचा थवा त्याला पाहून शिक्र्याला पाहावा तसा कालवा करतो. सातभाईंच्याच घरट्यात पावशा अंडे घालतो, तेव्हा हे सोंग त्याच्या उपयोगाचे आहे. पण आपण फसायचे कारण नाही. चोच पाहा, ती सरळसोट असते, टोकाला जेमतेम वाक, फाडणारा आकडा नाही. पाय पाहा, दोन बोटे पुढे, दोन मागे, आणि नख्या नावापुरत्या. शिक्र्याची तीन बोटे पुढे आणि एक मागे, नखी सुईसारखी वळलेली. फांदीवर उतरल्यावर पावशा पंख सैल सोडून शेपटी इकडून तिकडे हलवतो, तर शिक्रा ताठ बसतो. शिवाय त्याच्या डोळ्यावर हाडाची पुढे आलेली कड असते, त्यामुळे तो सतत रागावल्यासारखा दिसतो. पावशाचा चेहरा भोळा. कोतवालही इथे घोळ घालतो, तो शिक्र्याच्या आवाजाची नक्कल करतो. म्हणून निव्वळ आवाज ऐकून शिक्र्याची नोंद करू नये.

जंगलातल्या भावंडांची ओळख याहून अवघड. बेसरा आणि तुरेवाला गॉसहॉक दोघेही सह्याद्रीच्या आणि हिमालयाच्या पायथ्याच्या दाट झाडीत, पुढे आग्नेय आशियात आहेत. दोघांच्या गळ्यावर मधोमध ठळक काळी रेघ, छातीवर उभे फराटे, पोटावर आडवे पट्टे. रंगसंगती इतकी सारखी की छायाचित्रात मोठा कोणता, छोटा कोणता कळत नाही. तुरेवाल्याच्या डोक्यामागे छोटा तुरा असतो, पण तो मिटलेला असला की दिसत नाही. अशा वेळी पाय पाहावेत. बेसऱ्याचे पाय काडीसारखे आणि मधले बोट विलक्षण लांब; उडती पाखरे पिसांतून चिमटीत धरण्यासाठी ते बोट उपयोगी पडते. तुरेवाल्याचे पाय जाडजूड. उडताना त्याच्या शेपटीच्या बुडाशी पांढऱ्या पिसांचे गोंडे फुगून दोन्ही बाजूंना दिसतात, ही त्याची चांगली खूण. बेसरा जंगल सोडून सहसा बाहेर येत नाही. तुरेवाला मात्र सिंगापूर आणि तैपेईच्या उद्यानांत घरटी करू लागला आहे. कुठला पक्षी शहराशी जुळवून घेईल हे नावावरून किंवा नात्यावरून सांगता येत नाही, ते एकेका जातीचे पाहूनच कळते.

याचे आणखी ठळक उदाहरण युरोपातला गॉसहॉक. जुन्या, उंच, सावलीच्या जंगलाचा हा राजा. मादीचे वजन दीड किलोच्या आसपास. वर्षानुवर्षे तो त्याच टापूत राहतो, एकाच जोडीची दोन-तीन घरटी असतात आणि ती आलटून पालटून वापरली जातात. यंदा रिकामे दिसलेले घरटे टाकून दिलेले समजून झाड तोडले जाते, ते इथे. तोच पक्षी बर्लिन शहरातील उद्यानांत आणि स्मशानभूमींत घरटी करतो, कारण तिथे जुनी झाडे शाबूत आहेत, पारवे मुबलक आहेत आणि त्याला कुणी गोळी घालत नाही. अमेरिकेतला कूपर्स हॉकही असाच शहरात शिरला. पण शहराची किंमत असते. ॲरिझोनातील टूसॉन शहरात कूपर्स हॉकची पिल्ले ट्रायकोमोनासच्या संसर्गाने मरताना आढळली. हा परजीवी कबुतर-होल्यांच्या घशात राहतो आणि आईबापांनी आणलेल्या होल्याबरोबर पिल्लाच्या घशात जातो. घरट्यांची संख्या मोजून 'शहरात हॉक वाढले' असे लिहिणे म्हणूनच अपुरे. किती पिल्ले उडाली हे मोजले पाहिजे.

उघड्या मुलखातले बझर्ड आपल्याकडे कमी परिचयाचे. त्यातला तिसा मात्र कोरड्या माळरानावर खांबावर, खुंटावर बसलेला नेहमी दिसतो. डोळा पांढरट, गळा पांढरा आणि त्यावर तीन काळ्या रेघा, मधली एक आणि गालांवरच्या दोन. माळरानाला 'पडीक जमीन' म्हणणाऱ्यांनी हा पक्षी एकदा नीट पाहावा. टुंड्रात राहणाऱ्या रफ-लेग्ड बझर्डच्या पायांवर बोटांपर्यंत पिसे असतात, थंडीसाठी. लेमिंग नावाचे उंदीर ज्या वर्षी कमी त्या वर्षी त्याची पिल्लेही कमी. अमेरिकेतला रेड-टेल्ड हॉक अलास्कापासून पनामापर्यंत जंगल, वाळवंट, शेती, शहर असा सगळीकडे आहे. कड्यावर, सग्वारो निवडुंगावर, न्यूयॉर्कमधील इमारतीच्या खिडकीवरही त्याने घरटे केले आहे. हॅरिस हॉक अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत राहतो आणि टोळीने शिकार करतो. काटेरी झुडपात सशाला एकटा हॉक हुसकावू शकत नाही, म्हणून एक आत घुसतो आणि बाकीचे बाहेर टपतात.

स्वेनसन्स हॉकविषयी मात्र घाई करून पुढे जाता येत नाही. हा उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत घरटे करतो आणि हिवाळ्यात अर्जेंटिनाच्या पंपास मैदानात उतरतो. एका बाजूचा प्रवास सुमारे १०,००० किलोमीटरचा. समुद्रावर तापलेली हवा वर चढत नाही, म्हणून असे पक्षी जमिनीची चिंचोळी पट्टी धरून जातात. मेक्सिकोतील व्हेराक्रुझजवळ दर शरद ऋतूत ४० लाखांहून अधिक शिकारी पक्षी आणि गिधाडे मोजली जातात, ती यामुळेच. घरट्याच्या मुक्कामी स्वेनसन्स हॉक पिल्लांना खारी-उंदीर भरवतो, पण हिवाळ्याच्या मुक्कामी जवळजवळ टोळांवरच जगतो. १९९० च्या दशकात पक्षी परत येईनात, कारण कळेना. पाठीवर उपग्रह-यंत्र बसवल्यावर त्यांचा अर्जेंटिनातला नेमका ठिकाणा सापडला, आणि तिथे शेतांत मेलेल्या हॉकचे खच दिसले. १९९५-९६ च्या हंगामात ५,००० हून अधिक मृत पक्षी मोजले गेले. टोळांवर फवारलेले मोनोक्रोटोफॉस हे त्याचे कारण. फवारणी चालू असतानाच पक्षी तडफडणारे टोळ टिपायला शेतात उतरत. औषध अंगावरही पडे आणि पोटातही जाई. पुढे अर्जेंटिनाने त्या औषधावर बंदी घातली. घरटी जिथे होती तिथे काहीच बिघडले नव्हते. स्थलांतर करणाऱ्या हॉकचे घर एक नसते. दोन्ही टोके आणि मधली वाट मिळून ते होते.

स्पॅरोहॉकची कहाणीही विषाचीच. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात डीडीटी आणि बियाण्याला चोळायची आल्ड्रिन-डिल्ड्रिनसारखी औषधे आली. धान्य खाणाऱ्या पाखरांतून ती स्पॅरोहॉकमध्ये साठत गेली आणि कित्येक भागांतून तो नाहीसा झाला. १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश संशोधकाने संग्रहांतील जुन्या अंड्यांशी नवी अंडी ताडून पाहिली, तेव्हा कवच पातळ झाल्याचे दिसले. डीडीटीपासून बनणारे द्रव्य मादीच्या शरीरात कवचावर कॅल्शियम बसू देत नाही. ती उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडे फुटते. औषधे बंद झाल्यावर पक्षी परतला.

बेटांवरचे हॉक थोडक्यात. गॅलापागोस हॉक फक्त त्याच द्वीपसमूहात, तिथे एका मादीबरोबर अनेक नर मिळून पिल्ले वाढवतात. हवाईचा 'इओ' आज फक्त हवाई या मोठ्या बेटावर घरटे करतो. कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावरचा रिजवेज हॉक अतिसंकटग्रस्त आहे. घरट्यातल्या एका माशीच्या अळ्या पिल्लांच्या कातडीखाली शिरून त्यांचा जीव घेतात. आणि आपल्या देशातला निकोबार स्पॅरोहॉक! निकोबार बेटांबाहेर जगात कुठेही नाही, आणि त्याचे नाव किती वाचकांना ठाऊक असेल याची शंका वाटते. वाघाच्या बातमीशेजारी त्याच्यासाठी एक चौकट मिळावी, एवढी त्याची योग्यता नक्कीच आहे.

भोवत्यांविषयी एकच गोष्ट. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे माँटेग्यूज आणि पॅलिड हॅरियर रात्री झाडावर बसत नाहीत; उंच गवतात, जमिनीवर, शेकड्यांनी एकत्र झोपतात. गुजरातमधील वेळावदर त्यासाठी प्रसिद्ध आहे. संध्याकाळी ते गवत पेटवले किंवा त्यातून गाडी घातली, तर पक्षी अंधारात उठतो आणि रात्रभर त्याला धड जागा मिळत नाही.

वाचकांच्या हाती असलेल्या काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. उंदरांसाठी ब्रोडिफॅकमसारखे विष वापरले, तर उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो आणि हॉकला तोच सर्वांत सोपा सापडतो. हे विष रक्त गोठू देत नाही आणि यकृतात महिनोन्‌महिने साचून राहते. चापाचा पिंजरा वापरावा. चिकट सापळा नको, त्यात अडकलेल्या उंदरावर झेपावणारा पक्षीही चिकटतो. काचेच्या मोठ्या खिडक्यांवर ससाण्याच्या आकृतीचा एखादा स्टिकर लावतात, त्याने काही होत नाही. पक्षी त्या आकृतीला वळसा घालून शेजारच्या काचेवर आपटतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके दिले तर काच दिसते.

झाडाखाली हॉकचे पिल्लू सापडले, तर आधी पिसे पाहावीत. अंगावर पिसे भरली असतील आणि ते पायांवर नीट उभे राहत असेल, तर ते बहुधा पडलेले नाही. पूर्ण उडता येण्याआधी ही पिल्ले फांद्यांवर फिरायला निघतात आणि कधी खाली येतात. त्याला जवळच्या उंच फांदीवर ठेवून दूर जावे. आईबाप भरवत राहतात. अंगावर नुसती पांढरी लव असेल किंवा पंख लोंबत असेल, तर मात्र उचलावे. जाड फडके डोक्यासकट अंगावर टाकावे, दोन्ही पाय एकत्र धरावेत, कारण इजा चोचीने होत नाही, नख्यांनी होते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल अंथरून अंधारात, शांत जागी ठेवावे आणि वनविभागाकडे द्यावे. तारेच्या पिंजऱ्यात ठेवू नये. जाळीवर आपटून शेपटीची आणि पंखांची पिसे मोडतात, आणि मोडलेले पीस पुढच्या पिसेझडीपर्यंत नवे येत नाही. तोवर त्याला शिकार करता येत नाही. चोच उघडून पाणी ओतू नये, श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि पाणी थेट फुप्फुसात जाते. दूध-पोळी तर नकोच, पण निव्वळ बिनहाडाचे मांसही नको. रानात पिल्लू हाडासकट खाते. नुसत्या मांसात कॅल्शियम नसते आणि चार-आठ दिवसांत पाय वाकू लागतात. माणसाच्या हातचे खाऊन वाढलेले पिल्लू माणसालाच आपले समजू लागते, मग त्याला सोडून देता येत नाही.

आता आपल्याकडे विनंती. छायाचित्र आले की गळा, छातीचे पट्टे, शेपटीची खालची बाजू आणि पाय दिसतात का ते पाहावे. दिसत नसतील तर 'शिकारी पक्षी, जात अनिश्चित' असे खुशाल छापावे. सोबत महिना आणि परिसर द्यावा, म्हणजे दाट जंगल, माळ, पाणथळ की वस्ती. जाणत्या वाचकाला त्यावरून जात ओळखायला मोठी मदत होते. पक्षी पहिल्या वर्षाचा आहे की प्रौढ, हे लिहिता आले तर फारच उत्तम. पण घरट्याचे ठिकाण मात्र छापू नये, आणि अंड्यांवर बसलेल्या मादीचे जवळून काढलेले छायाचित्र परत पाठवावे. माणूस झाडाखाली थांबला की मादी उठते, तिच्या पाठोपाठ कावळे येतात, आणि उघडी पडलेली अंडी उन्हाने किंवा कावळ्याच्या चोचीने जातात.

आपले,
शिकारी पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे काही वाचक